उघडण्याआधीचं हॉटेल

चारठाण्यात बार अँड रेस्टॉरंट काढायचं कुणाच्या मनात आलं, तर जागेचा सौदा करण्याआधी त्याने टेप घेऊन गाव पालथं घालावं. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ मधल्या ४५ व्या नियमाप्रमाणे शाळा-महाविद्यालय, धार्मिक संस्था, एसटीचा थांबा किंवा डेपो यांपासून ७५ मीटरच्या आत परवाना मिळत नाही. अंतर कसं मोजायचं तेही नियमात लिहिलेलं आहे. बारच्या दाराच्या मध्यापासून निघायचं, माणूस एरवी पायी जातो त्या जवळात जवळच्या वाटेने चालायचं आणि संस्थेच्या फाटकाच्या मध्यावर थांबायचं.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे तर देवळांचंच गाव. यादवकाळातल्या शिल्पांनी सजलेली देवळं वस्तीत आणि वस्तीबाहेर विखुरलेली आहेत. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, जोड महादेव, नृसिंह अशी नावं गावकऱ्यांच्या तोंडी असतात. गावातला उंच कोरीव स्तंभ पाहायला मंदिरस्थापत्याचे अभ्यासक मुद्दाम वाट वाकडी करून येतात. पूर्वी इथल्या देवळांची गणती शेकड्यांत होती, असं जुनी माणसं सांगतात. अशा गावात प्रत्येक देवळाभोवती ७५ मीटरचं रिंगण आखलं, तर हॉटेलाला गावात फारशी जागा उरू नये.

पण व्याख्येत एक बारकावा आहे. नियमाच्या दृष्टीने धार्मिक संस्था म्हणजे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाच्या मालकीचं किंवा व्यवस्थापनाखालचं देऊळ, मशीद, मठ, चर्च. सरकार आदेश काढून त्यात भर घालू शकतं. म्हणजे न्यास नाही, पुजारी नाही, शिखर ढासळलेलं आहे असं सातशे-आठशे वर्षांचं शिवालय टेपच्या हिशेबात आपोआप धरलं जात नाही. त्याच्या बाजूने कुणाला तरी बोलावं लागतं, आणि ते काम गावाचं आहे.

देवळांतून वाट काढून माणूस रस्त्याकडे सरकला, तर तिथे सर्वोच्च न्यायालय उभं आहे. रस्ता अपघातात पाठीचा कणा दुखावलेल्या चंडीगढच्या हरमन सिद्धू यांनी लावून धरलेल्या लढ्यातून १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल आला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. ३१ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने त्यात बदल केला आणि २० हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणलं. दुसऱ्या दिवसापासून राज्यभर महामार्गांच्या कडेच्या बारना कुलपं लागली. पुढे शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना सवलत मिळाली. चारठाण्यासारख्या गावाला अशी सवलत लागू नसेल, तर हिशेब २२० मीटरचाच. जालना, मंठा, जिंतूर अशी वाहती वर्दळ आहे ती रस्त्यावर, आणि हॉटेलवाल्याला मग त्याच रस्त्यापासून दूर बसावं लागतं.

इतकं सगळं असूनही नव्या हॉटेलची चाहूल लागली की गाव ताजंतवानं होतं. परभणी-जालन्याकडच्या कुठल्याही बाजाराच्या गावात हे पाहायला मिळतं. पडीक प्लॉटवर जेसीबी फिरतो, मुरूम पडतो, बोअरची गाडी येते आणि पाणी किती फुटांवर लागलं याची बातमी मालकाच्या आधी पारावर पोचते. मग पत्र्याचं शेड, रंगीत बल्बच्या माळा, फ्लेक्सवर तंदुरी कोंबडीचा फोटो आणि खाली ‘लवकरच आपल्या सेवेत’. ही ओळ कधी कधी दोन-दोन पावसाळे टिकते. तोवर मालक कोण, भागीदार कोण, आचारी कुठला आणणार, एसी खोली असणार का, यावर सलूनपासून बाजार समितीच्या आवारापर्यंत चर्चा चालते.

सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत नसतात. ज्याला संध्याकाळी मित्रांसोबत बसायचं असतं, त्याला धडाची खुर्ची, स्वच्छ ग्लास आणि अस्सल माल हवा असतो. शेतीच्या कामाला आलेला ट्रॅक्टरचा मेकॅनिक, बँकेतला नवा कर्मचारी, शाळेवर बदलून आलेला गुरुजी यांना रात्रीचं जेवण हवं असतं. औंढा नागनाथला किंवा जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुंफांना निघालेल्या कुटुंबाला बायकांना निर्धास्तपणे जाता येईल असं स्वच्छतागृह हवं असतं. आणि काही घरांत या बातमीने पोटात गोळा येतो, कारण त्या घरातली मजुरी कुठे जाणार हे तिथल्या बाईला उद्घाटनाआधीच ठाऊक असतं. नव्या हॉटेलबद्दल प्रामाणिकपणे लिहायचं तर ही चारही माणसं एका ओळीत उभी करावी लागतात.

मुळात लहान गावात ‘रेस्टॉरंट’ आणि ‘बार’ अशी जोडी का लागते? त्याचं उत्तर परवान्यांच्या इतिहासात आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा शिंदी आणि देशी दारूवरची अबकारी हे सरकारी तिजोरीचं मोठं साधन होतं. पलीकडे मुंबई राज्याने मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये केला आणि मोरारजी देसाईंनी १९५० पासून तो कडकपणे राबवला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा इकडेही लागू झाला. साठच्या दशकात दारूबंदी सैल होऊ लागली, पण कायदा रद्द झाला नाही. आज त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. कागदोपत्री महाराष्ट्रात दारूला अजूनही बंदीच आहे. जे काही चालतं ते परवान्याची सवलत म्हणून. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. वर्षाचा १०० रुपयांचा, आयुष्यभराचा १००० रुपयांचा. वय बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५. परमिट रूम जन्माला आली ती याच व्यवस्थेतून: परवानाधारकाने चारचौघांच्या नजरेआड बसून प्यायची खोली. पडदे, काळ्या काचा, मंद दिवे ही तिची जुनी सवय. मुंबईत कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेल्या शेट्टी मंडळींनी इडली-डोशाच्या हॉटेलांना अशा खोल्या जोडल्या आणि तो साचा पुढे राज्यभर पसरला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानांचे, म्हणजे आपण ज्यांना वाइन शॉप म्हणतो त्यांचे, आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने महाराष्ट्राने सत्तरच्या दशकापासून दिलेले नाहीत. जुनेच परवाने विकले जातात, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले जातात. एफएल-३, म्हणजे परमिट रूमचा परवाना मात्र नव्याने मिळू शकतो. तो मिळतो हॉटेल किंवा उपाहारगृहालाच. त्यामुळे या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला स्वयंपाकघर बांधावंच लागतं. गावोगावच्या पाट्यांवर ‘रेस्टॉरंट’ दिसतं, त्यामागे भूक जितकी असते तितकीच ही अटही असते.

म्हणून तर अनेक ठिकाणी स्वयंपाकघर नावापुरतं राहतं. खारे शेंगदाणे, मसाला पापड, चणा कोळीवाडा, रात्री उशिरा अंडा भुर्जी. चखणा झाला की मेनू संपला. काजू करी आणि पनीर टिक्का कार्डावर छापलेले असतात. मागवले की वेटर आत जाऊन येतो आणि नाही म्हणून सांगतो.

ही कुचंबणा कशासाठी? या भागाला ताटाची वानवा नाही. शेजारच्या जालना जिल्ह्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास लातूरकडच्या बोरसुरी तूरडाळीला, कास्ती कोथिंबिरीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेलाही मिळालं. जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला ते आधीच मिळालेलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ हे ज्वारीचे वाण दिले. भाकरी, डाळ, कोथिंबीर, चिंच: अर्धं जेवण तर मानांकनाच्या यादीतच आहे. त्यात येसराची आमटी, धपाटे, शेंगोळे, अंबाडीची भाजी, सकाळच्या फराळाला सुशीला आणि रविवारी काळ्या मसाल्याचं मटण घातलं की मेनूकार्ड भरलं.

भाकरी करणाऱ्या बाईकडे थोडा वेळ पाहत बसलं तरी हॉटेलवाल्याला पुष्कळ कळेल. ती पिठात गरम पाणी घालते, तळहाताच्या टाचेने मळून मळून चिकटपणा आणते, मळायला आळस केला तर भाकर थापताना चिरते हे तिला माहीत असतं. परातीत कोरडं पीठ भुरभुरून एका हाताने फिरवत, दुसऱ्याने थापत ती कडा सारख्या करते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवते, पाणी सुकत आलं की उलटते आणि शेवटी विस्तवाशी उभी करते. भाकर टम्म फुगते. हे सारं काही मिनिटांत होतं आणि जेवणाऱ्याच्या ताटात ती वाफेसकट पडते. शहरात असल्या भाकरीसाठी माणसं रांग लावतात. चारठाण्याच्या हॉटेलात तंदुरी रोटीचं गोठवलेलं पीठ येण्याआधी गावातल्या चार बायकांना चुलीपाशी सन्मानाने, ठरलेल्या पगारावर उभं करता येईल. नागपूरच्या सावजी जेवणाचं उदाहरण समोर आहे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातल्या रश्श्याने आख्ख्या शहराला खाण्याची ओळख दिली. ती चव कुणी बाहेरून आणली नव्हती.

धंद्याच्या हिशेबानेही स्वयंपाकघराकडेच वळायला हवं, कारण दारूच्या बाजूने मालकाच्या हातात थोडंच उरतं. परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्याच्या बिलावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. २०२५-२६ साठी परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं. या तिहेरी वाढीविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस शटर खाली ओढलं. मुंबईतल्या हॉटेलवाल्यांची ‘आहार’ ही संघटना त्यात पुढे होती. लोकवस्ती कमी तसं परवाना शुल्क कमी असतं, एवढाच गावातल्या मालकाला दिलासा. क्वार्टर महाग झाली की गिऱ्हाईक टेबल सोडतं, दुकानातून बाटली घेतं आणि शेताच्या बांधावर बसतं. जेवणाचा भाव आणि दर्जा मात्र मालकाच्या हातात आहे. तिथे जीएसटी ५ टक्के, आणि उरलेलं सगळं आचाऱ्याच्या हाताला असलेल्या चवीवर.

आणि पाणी. मराठवाड्यात हॉटेलची गोष्ट पाण्यावाचून पुरी होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापायला लावलं होतं. प्यायचं पाणी आधी, बिअर नंतर, असा क्रम न्यायालयाला लावून द्यावा लागला. गावातलं हॉटेल कारखान्याइतकं पाणी ओढत नाही, पण भांडी, स्वच्छतागृह, हात धुणं याला रोजचं पाणी लागतंच. एप्रिल-मेमध्ये बोअर आटल्यावर मालक टँकर कुठून भरणार, हा प्रश्न शेजारच्या शेतकऱ्याने आजच विचारायला हवा.

दारू आली की गावाचं काय होतं, याची उदाहरणं राज्यात आहेत आणि ती एकाच दिशेची नाहीत. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये जिल्हाबंदी आली; डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्या लढ्यात होते. ती आजही आहे. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो बायका रस्त्यावर आल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी लागली. सहा वर्षांनी रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर, अवैध दारू बोकाळल्याचं कारण देऊन, मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. जुलैत बार उघडले तेव्हा एका मालकाने तत्कालीन पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांच्या फोटोची आरती केली आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरला. बंदीसाठी रस्त्यावर आलेल्या बायका आणि आरती करणारा मालक, दोघंही त्याच जिल्ह्याचे. एकाने दुसऱ्याचं म्हणणं परवाना देण्याच्या वेळी समोरासमोर ऐकलं असतं, अशी सोय मात्र कुठे नव्हती.

सोय आहे ती नंतरची. मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. कित्येक गावांत बायकांनी या मतदानाने दुकानं बंद पाडली. पण त्यासाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मजुरीला गेलेल्या, ऊसतोडीला स्थलांतर केलेल्या बायकांना मतदानाच्या दिवशी गावात आणायचं म्हणजे महिनोन् महिन्यांची पायपीट. शिवाय तोवर मालकाचं कर्ज झालेलं असतं, पोरं कामाला लागलेली असतात आणि गावात दोन तट पडलेले असतात. बाटली उभी राहिल्यावर ती आडवी करण्यापेक्षा, ती कुठे, किती आणि कशी उभी राहणार हे आधी ठरवणं सगळ्यांनाच स्वस्त पडतं. मालकालाही.

त्यासाठी मोकळा असतो तो ‘लवकरच आपल्या सेवेत’चा काळ. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जागेचा नकाशा, अंतराची मोजणी, पोलिसांचं आणि ग्रामपंचायतीचं म्हणणं अशी कागदांची थप्पी लागते. नेमक्या याच काळात गाव फक्त फ्लेक्स पाहत बसतं. वास्तविक ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती उरकली जाते. चारठाण्याने ती खरीखुरी भरवावी आणि होऊ घातलेल्या कुठल्याही हॉटेलच्या मालकाला तिथे नकाशासकट बोलवावं.

त्याला विचारण्यासारखं पुष्कळ आहे. बारची खोली आणि जेवणाचा हॉल यांना वेगवेगळी दारं आहेत का? नसतील तर बाई लेकरं घेऊन जेवायला येणार नाही आणि ‘फॅमिली’ हा शब्द पाटीवरच राहील. स्वयंपाकघर बाहेरून दिसतं का, अन्न सुरक्षेचा परवाना क्रमांक बिलावर छापणार का? २०२२ पासून तो छापणं सक्तीचं आहे. स्वच्छतागृह वाटसरूंना, काही न खाता-पिता, वापरू देणार का? समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटर ना धड जेवण ना स्वच्छतागृह, अशी ओरड झाली होती. जालना-नांदेड जोडमार्ग परभणी जिल्ह्यातूनच आखलेला आहे, तेव्हा ही गरज वाढणारच. पिऊन गाडीला किक मारणाऱ्याची चावी काउंटरवर ठेवून घेणार का? १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गावाकडच्या अंधाऱ्या रस्त्यावर दंडाच्याही आधी जीव जातो. उधारीची वही ठेवणार का? ठेवणार असेल तर हंगामाच्या पैशावर पहिला हक्क घराचा की वहीचा?

नावाचाही विचार आताच व्हावा. देवदेवता, थोर पुरुष आणि गडकिल्ल्यांची नावं मद्याच्या दुकानांना आणि बारना देऊ नयेत असं सरकारने ठरवलं आहे आणि २०२२ मध्ये जुन्या पाट्या बदलायलाही सांगितलं होतं. तेव्हा गोकुळेश्वर बार ही पाटी लागणार नाही, हे बरंच आहे. पण हॉटेलच्या भिंतीवर गोकुळेश्वराचा, नृसिंहाच्या देवळाचा, त्या कोरीव स्तंभाचा फोटो, खाली दोन ओळींची माहिती आणि तिथे कसं जायचं याचा नकाशा लावायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. देऊळ बघायला आलेला माणूस जेवायला थांबेल आणि जेवायला थांबलेला देऊळ बघायला जाईल.

दिवाळी झाली की ज्वारी हुरड्याकडे जाते, ऊसतोड सुरू होते, पारावरच्या गप्पा रात्री लवकर आटोपतात. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गावोगाव ग्रामसभा भरते. त्या दिवशी ड्राय डे असतो. हॉटेलचा विषय आधी महिलांच्या सभेत आणि मग ग्रामसभेच्या पत्रिकेवर घ्यायला तो दिवस चांगला आहे. मधल्या दोन-अडीच महिन्यांत टेप घेऊन गावातून फिरून यायलाही सवड मिळते. मोजताना पडक्या देवळांपासूनही मोजावं, आणि तो आकडा ठरावात लिहून घ्यावा.